गद्दी म्हाताऱ्याच्या चोल्यातलं कोकरू

ऑकलंडात माझ्या मुलाच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर एक डोंगर आहे. डोंगर म्हणायची तिथली रीत. आमच्याकडं त्याला टेकाड म्हणतील. भोवती सगळं शहर, मोटारी, बंगले, आणि मधोमध हे हिरवंगार टेकाड. त्यावर मेंढरं. माझा मुलगा पेनरोजच्या एका कारखान्यात यंत्रांचा इंजिनियर. मी गेलो त्याच्या पहिल्याच रविवारी त्यानं मला तिथं नेलं आणि म्हणाला, "आबा, बघा. खास तुमच्यासाठी." जणू त्यानंच ती आदल्या रात्री आणून सोडली होती.

"राखणदार कुठाय?" मी विचारलं.

"राखणदार नसतो. कुंपण असतं."

"आणि कुत्रं?"

"कुत्रं दोरीला बांधूनच आणायचं, नाहीतर दंड."

मी त्या मेंढरांकडं नीट बघितलं. लांडगा ठाऊक नाही, उन्हाळा ठाऊक नाही, चार कोस चालणं ठाऊक नाही. बसल्या जागी चरायचं, सुस्कारे टाकायचे आणि जागा बदलायची तर शेजारणीला विचारून. मेंढरं कसली, पेन्शनर होते ते.

माणसांतले पेन्शनर मला पुढच्या रविवारी भेटले. मराठी ज्येष्ठांचं एक मंडळ होतं, पोरांकडं राहायला आलेल्या आईबापांचं. एक बँकेतले साहेब होते, पुण्याचे, पायात पांढरे बूट. त्यांनी विचारलं, "आपण कुठून रिटायर झालात?"

"मेंढरांतून," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी विनोद केला. मी केला नव्हता. मी माणदेशातला धनगर. शाळा तिसरीपर्यंत. चौथीच्या वर्षी आमचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि माणसं, असा सगळा बाडबिस्तरा, दिवाळीनंतर कोकणात उतरायला निघाला आणि मी त्याच्याबरोबर निघालो, तो परत वर्गात बसलो नाही. याची मला लाज वाटली नाही आणि वाटणारही नाही. हे लिहितोय तेही माझ्याच हातानं. काना-मात्रा सुनेनं बघितली, पण मजकुराला हात लावू दिला नाही. एका ठिकाणी ती म्हणाली, "आबा, एवढं तरी गाळा, लोक काय म्हणतील." ते तर मी मुद्दाम ठेवलंय.

तर मी मंडळ सोडलं आणि रोज सकाळी टेकाडावर जायला लागलो. अंगावर घोंगडं. ते सुनेनं फोनवरून चार वेळा धुवायला लावलं, मगच विमानात चढू दिलं होतं. साल दोन हजार पाच-सहा असेल. मे महिना, म्हणजे तिकडं थंडीची सुरुवात. एके दिवशी शीळ ऐकू आली. दातांच्या फटीतून काढलेली, खालून वर चढत गेलेली आणि शेवटी कापल्यासारखी तुटलेली. ती ऐकून साऱ्या पेन्शनरांनी एकदम माना वर केल्या. चार महिन्यांत मी त्यांना एवढं चपळ बघितलं नव्हतं.

दगडावर एक म्हातारा बसला होता. माझ्याच वयाचा, वाळका, नाक धारदार. अंगात गुडघ्यापर्यंतचा जाड पांढुरक्या लोकरीचा झगा, आणि कमरेला काळ्या लोकरीची दोरी, इतके वेढे घेतलेली की माणसाला दोरी बांधलीय की दोरीच्या गुंडाळ्याला माणूस, ते कळेना. हातात टकळी. कुंपणाच्या तारांना अडकलेली लोकर त्यानं वेचून आणली होती आणि बसून सूत काढत होता.

मी जवळ गेलो, त्याच्या मांडीवरची लोकर चिमटीत धरली. "लांब आहे. पण दम नाही."

त्यानं माझ्या घोंगड्याचं टोक चिमटीत धरलं. "दम आहे. पण टोचतंय."

ही आमची ओळख.

बोलणं हिंदीतून चाले. दोघांचीही हिंदी मोडकी, पण त्याची एकीकडं मोडलेली आणि माझी दुसरीकडं, त्यामुळं दोघांची मिळून एक धड व्हायची. इथं मी ते सगळं मराठीतच लिहितो. तो हिमाचलातल्या भरमौरकडचा. जातीनं गद्दी, म्हणजे तिकडच्या बर्फाच्या डोंगरातले मेंढपाळ लोक. मुलगा ऑकलंडात कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो मला दक्खनी म्हणायला लागला, मी त्याला पहाडी. खरी नावं दोघांनाही ठाऊक होती, पण त्यांचा उपयोग पडला नाही.

त्याच्या झग्याला चोला म्हणायचं आणि दोरीला डोरा. डोरा सोडून पसरला तर चाळीस हात भरायचा. तो कमरेला आवळला की वर छातीपाशी चोल्याची मोठी झोळी तयार होते. त्या झोळीत गद्दी माणूस सगळा संसार ठेवतो: भाकरी, मीठ, टकळी, तंबाखू. वाटेत मेंढी व्याली तर कोकरूसुद्धा तिथंच. "एका वेळी तीन नेलीत मी, खिंडीतून," तो म्हणाला.

"आणि भाकरी?"

"भाकरी त्यांनी खाल्ली."

हा वेष त्यांना शंकरानं दिला, असं ते मानतात. अंगावरचा चोला आणि कमरेचा डोरा काढून दिला आणि म्हणाला, जा, मेंढरं राखा.

"मग देवाच्या अंगावर काय राहिलं?" मी विचारलं.

"भस्म," तो म्हणाला, आणि टकळी फिरवत राहिला. मला वाटलं होतं चिडेल.

त्यांचे जाणते सांगत की वाडवडील आधी खाली लाहोरच्या बाजूला होते. राजे बदलले, जुलूम झाला, तेव्हा लेकरंबाळं घेऊन ते डोंगरात गेले.

"म्हणजे पळून आलात की."

"पळून नाही, चढून. पळणारा उताराला लागतो. त्या डोंगरावर पळत चढून दाखव, मग बोल."

उन्हाळा लागला की त्यांची खांडं, म्हणजे कळप, बर्फाच्या खिंडी ओलांडून पलीकडच्या कुरणांत जातात. खिंडीच्या तोंडाशी देवीला एक जनावर द्यायचं, मग एकापाठोपाठ एक चालायचं. पुढं जाणता बकरा, मागं मेंढरं, आणि शेवटी ज्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे आहेत असे कुत्रे, बिबट्यानं मानगूट धरू नये म्हणून. पलीकडं पोचलं की सपाट दगडांवर मीठ टाकायचं. मीठ दिसलं की मेंढरू पळून जात नाही. थंडी आली की पुन्हा खाली कांगड्याच्या रानात. बायका घर आणि शेत सांभाळतात.

"तुझी बायको काय म्हणायची?"

"म्हणायची, तू आलास की घरात गर्दी होते."

त्यांचा शंकरही थंडीत कैलास सोडून खाली उतरतो, असं त्यानं सांगितलं, तेव्हा मात्र मी त्याला धरलंच. "म्हणजे देवालाही थंडी वाजते? आमचा बिरोबा बघ. बारा महिने एका जागी."

"मग त्याच्याकडं मेंढरं नसतील," तो म्हणाला.

बिरोबाला मेंढरं नाहीत! मी दोन दिवस टेकाडावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, कारण त्याला द्यायला चांगलं उत्तर सापडलं होतं. वर पोचेपर्यंत विसरलो. तो म्हणाला, "आलास? मला वाटलं तूही जागा सोडत नाहीस."

असा आमचा पावसाळी, थंडगार मे-जून-जुलै गेला. सून म्हणायची, "आबा, तुम्ही त्या काकांशी भांडायला जाता की भेटायला?" मला त्यातला फरक कळला नाही.

ऑगस्टात एक दिवस तो टकळी न आणता आला. गद्दी माणसाचा हात रिकामा म्हणजे काहीतरी बिनसलंय. दगडावर टेकल्या टेकल्या त्यानंच सांगितलं. त्याची दोनशे मेंढरं धाकट्या भावाकडं होती, पलीकडच्या कुरणात. भावाचे गुडघे गेले होते. त्यानं कुणाकडून तरी फोन करून कळवलं होतं: पावसाळा संपता खांड खाली येईल, तेव्हा तू तरी ये, नाहीतर विकून टाक, व्यापारी वाट बघतोय. चराईचा परवाना आजोबांच्या नावापासून चालत आलेला. मेंढरं गेली की तोही दुसऱ्याच्या नावावर जाणार. त्याच्या मुलानं काकाला सांगून मुखत्यारपत्राचा स्टॅम्पपेपर मागवून घेतला होता. त्यावर बापानं सही केली की भावानं तिकडं विकायचं आणि म्हाताऱ्यानं इकडं कायमचं राहायचं.

"आणि तू काय ठरवलंस?"

"सही करणार." तो मेंढरांकडं बघत होता. "पोरगा म्हणतो, लहानपणी बाप सहा महिने असायचा, सहा महिने नसायचा. आता पूर्ण बाप पाहिजे. यावर काय बोलणार?"

आता माझं सांगतो. मला आनंद झाला. सरळ सांगायचं तर मी स्वार्थी माणूस आहे. माझा व्हिसा वाढला होता, अजून सात-आठ महिने मला त्या देशात काढायचे होते, आणि भांडायला एवढा एकच माणूस होता. म्हणून मी त्याच्या मागं लागलो. म्हटलं, बरोबर आहे, सही कर. तुझेही गुडघे कुठं नवे आहेत? इथं नळाला गरम पाणी आहे. डॉक्टर आहे. घसरलास तर गवतावर पडतोस, दरीत नाही. तो प्रत्येक वेळी "हो" म्हणायचा. आणि तो माझ्या बोलण्याला "हो" म्हणतो, हे मला कुठंतरी खटकायचं. तीन महिन्यांत तो एकदाही "हो" म्हणाला नव्हता.

शनिवार ठरला. आमच्या भागातल्या लायब्ररीत शनिवारी सकाळी एक बाई बसायची. सरकारनं नेमलेली साक्षीदार. कागदपत्रं बघायची, सही आपल्यासमोर करून घ्यायची, शिक्का मारायची, आणि पैसे घ्यायची नाही. तिच्यासमोर सही करायची, मग कागद पुढच्या शिक्क्याला वेलिंग्टनला पाठवायचा. पहाडी म्हणाला, "दक्खनी बरोबर असेल तर मी जाईन." त्याच्या मुलाला ते रुचलं नसावं, पण तो भला माणूस. म्हणाला, "अंकलजी, दहाला टेकडीच्या पायथ्याशी गाडी आणतो. दोघं तिथंच थांबा."

त्या सकाळी भुरभुर पाऊस होता. मेंढ्या व्यायचे दिवस ते. वरच्या अंगाला एक मेंढी नुकतीच व्याली होती. जुळं. एक कोकरू उठून ढुशा देत होतं, आणि मेंढी त्याला चाटत चाटत पुढं निघून गेली. दुसरं मागं चिखलात पडलेलं, ओलं, त्याला आवाजसुद्धा फुटत नव्हता. मी "अरे अरे" म्हणेपर्यंत पहाडी खाली वाकला, त्यानं कोकराचं नाक बोटानं साफ केलं, पाय धरून एक झोका दिला, आणि ते चोल्यात गेलं. हे सगळं बोलता बोलता. मी सांगत होतो की सही करताना चष्मा लाव, आणि तो सांगत होता की सहीला चष्मा कशाला, हाताला ती पाठ आहे. मेंढी कुठं गेली ते बघायला आम्ही चार पावलं गेलो, तेवढ्यात खालून गाडीचा हॉर्न वाजला. गेलो.

आता कुणी म्हणेल, कोकरू पोटाशी असताना माणूस विसरतो कसा? शहरातला माणूस नाही विसरणार. पण ज्यानं साठ वर्षं तिथं कोकरं वाहिली त्याला ते आपल्या पोटासारखंच असतं. आपण गाडीत बसताना पोट आणलं का, असं बघतो का? मीसुद्धा विसरलो, आणि माझं डोकं त्याच्याहून चांगलं आहे.

लायब्ररीत टेबलामागं ती बाई बसली होती. पिकलेले आखूड केस, स्वेटर, हातात चहाचा मग. "किया ओरा," म्हणाली. ते त्यांचं रामराम. मुलानं कागद पुढं ठेवला, काय लिहिलंय ते तिला समजावलं. तिनं पहाडीकडं बघून हळू हळू काहीतरी विचारलं. मुलगा म्हणाला, "बापू, त्या विचारतात, कुणाच्या दबावाखाली तर नाही ना?"

पहाडी म्हणाला, "दबाव सगळ्यांवरच असतो. सांग, नाही."

त्यानं पेन हातात घेतलं. टोक कागदाला लागणार, इतक्यात त्याच्या पोटातून आवाज आला. "बँऽऽ."

बाईनं मुलाकडं बघितलं. मुलानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. पहाडीनं स्वतःच्या पोटाकडं बघितलं, आणि बिरोबाची शपथ, त्याच्या तोंडावर आमच्यापेक्षा जास्त आश्चर्य होतं. पुन्हा "बँऽऽ", आणि चोल्याच्या गळ्यातून दोन काळे कान आणि ओलं तोंड बाहेर आलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस वर्तमानपत्र खाली करून बघायला लागला.

"बापू!" मुलगा दबक्या आवाजात ओरडला. "हे कुणाचंय?"

"मेंढीचं."

"बापू, इथं याला चोरी धरतात!"

"चोरलं नाही. परत ठेवायचं राहिलं."

मला वाटलं, आता पोलीस. पण बाई उठली, टेबलाला वळसा घालून आली, कोकराच्या तोंडात बोट घातलं आणि मुलाला काहीतरी फाडफाड विचारलं. मुलगा म्हणाला, "विचारतात, आईचं पहिलं दूध प्यालंय का. त्या मेंढ्यांच्या फार्मवरच वाढल्यात."

"नाही," मी आणि पहाडी एकदम म्हणालो. आमचं एकमत झाल्याचा तो पहिला प्रसंग.

बाईनं शिक्क्याची डबी बंद केली. बारापर्यंत मी इथंच आहे, म्हणाली. सहीला उशीर झाला तरी चालेल, याला चालणार नाही. पहाडीनं कागदाची घडी घातली आणि ती चोल्यात टाकली, कोकराशेजारी. दुसरीकडं ठेवायची त्याला सवयच नव्हती.

टेकाडावर परत आलो तेव्हा पाऊस थांबला होता. आता मेंढी शोधायची. मी म्हणालो, ती पलीकडची. तो म्हणाला, ही अलीकडची. त्याचं बरोबर होतं. हे मी फक्त इथं लिहितोय, त्याला कधी सांगितलं नाही. कुंपणाचा एक कोपरा बघून आम्ही डोरा सोडायला सुरुवात केली. पहाडी एका हातानं चोल्याची झोळी पोटाशी आवळून जागेवर गिरक्या घेत होता आणि मी एक टोक धरून लांब जात होतो. चाळीस हात. एक टोक माझ्याकडं, एक त्याच्याकडं, मधे मेंढी आणि तिचं पहिलं कोकरू. डोरा हळूहळू ओढत आम्ही तिला कोपऱ्यात आणलं, पण धरणार कोण? दोघं म्हातारे.

"मी धरतो," त्याचा मुलगा म्हणाला. पायात चकचकीत बूट, अंगात शनिवारचा चांगला शर्ट. मला वाटलं, हा आता चिखलात लोळणार. पण तो बाजूनं वाकून गेला, एक हात हनुवटीखाली, एक मांडीशी, आणि मेंढी उभी. मी पहाडीकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता, पण मिशी हलत होती.

चोला रिकामा झाला. मिठाची पुडी, टकळी, चष्म्याची डबी, कागद, सगळं त्यानं एका दगडावर ठेवलं. कोकराच्या पाठीवर मीठ चोळून त्याला मेंढीपुढं धरलं. "चाटेल, आणि चाटता चाटता आपलं म्हणेल. आमची रीत आहे." मेंढीनं दोनदा चाटलं, हुंगलं, आणि डोक्यानं असं काही उडवलं की कोकरू कोलमडलं. पुन्हा मीठ. पुन्हा ढुशी. त्याला चोल्याचा वास लागला होता. तिला तो परका वाटत होता.

"झाली तुझी रीत?" मी म्हणालो. "आता धनगराची बघ. कुत्रं पाहिजे."

"मेंढ्या व्यायच्या दिवसांत कुत्र्याला इथं बंदी असते," मुलगा म्हणाला.

मी घोंगडं काढून ठेवलं, गुडघ्यांवर टेकलो, दोन्ही हात गवतात रोवले आणि भुंकलो. सून म्हणाली गाळा, ते हेच. अर्धवट नाही भुंकलो. आमच्या वाड्यावर एक लाल कुत्रं होतं, लांडग्याचा वास आला की पोटातून घुरघुरत वर यायचं, तसा भुंकलो, आणि भुंकत मेंढीच्या अंगावर गेलो. ती चमकली. पुढचा पाय आपटला. मग दोन्ही कोकरांना पोटाखाली घेऊन माझ्यापुढं मान खाली घालून उभी राहिली. जनावर समोर आलं की तिला माझं-तुझं सुचत नाही. पोटाखालचं ते सगळं माझं.

त्याच वेळी खालच्या वाटेवरून पांढरे बूट आले. बँकेतले साहेब, सकाळच्या फेरीला.

"नमस्कार," ते म्हणाले.

"नमस्कार," मी म्हणालो, आणि पुन्हा भुंकलो. काम अर्धवट टाकायची मला सवय नाही.

साहेब पुढं निघून गेले, आणि इकडं ते चिखलातलं कोकरू सडाला लागलं. शेपूट नुसती थरथरायला लागली. मुलानं मेंढीला हळूच सोडलं. ती हलली नाही. मग मागं वळून त्या नव्या कोकराचा पार्श्वभाग हुंगला आणि मीठ चाटायला लागली. पहाडी खाली बसला. त्यानं दोन्ही हात गवताला पुसले आणि ते बघत राहिला. मी त्याचं तोंड बघितलं. तीन महिने मी ज्याच्याशी भांडलो तो माणूस मला त्या क्षणी पहिल्यांदा सबंध दिसला. नळाच्या गरम पाण्याला "हो" म्हणणारा तो नव्हता.

मीठ संपलं तशी मेंढीनं नाक वर केलं आणि दगडाकडं आली. पुडी फाडली, सांडलेलं मीठ चाटलं. मिठाच्या शेजारी कागद होता, त्याच्या कडेला मीठ लागलेलं. मी अजून गुडघ्यांवरच होतो, दगडापासून हातभर. मुलगा पाठमोरा, गवताला बूट पुसत होता. मेंढीनं जीभ लांब केली, पण कागद दोन बोटं लांब राहिला. मी हात पुढं केला. कागद उचलायलाच केला होता. पण बोटांनी त्याला तिच्याकडं दोन बोटं सरकवलं. ते माझ्या बोटांनी केलं, एवढंच मी सांगू शकतो.

स्टॅम्पपेपर जाड असतो. तिला दोन-तीन दम घ्यावे लागले.

मुलगा वळला तेव्हा तिच्या तोंडाबाहेर एक कोपरा उरला होता, त्यावरची सरकारी नक्षी दिसत होती. तो धावला. मेंढीनं गिळलं.

"अंकलजी! तुम्ही जवळ होता!"

"मी कुत्रा होतो," मी म्हणालो. "कुत्र्याला कागदातलं काय कळतं?"

तो ओल्या गवतात मटकन बसला. नवा कागद यायला महिना जाणार, तोवर खांड खाली उतरणार, हे त्याला न सांगताही ठाऊक होतं. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं. तो आपले हात नाकाशी नेऊन हुंगत होता.

"लहानपणी," तो बापाकडं न बघता म्हणाला, "अंधारात दार वाजायचं, आणि बापूच्या आधी हा वास आत यायचा."

कोकरू पिऊन पिऊन खाली बसलं होतं. बऱ्याच वेळानं तो उठला, डोरा गोळा केला, एक टोक धरून बापाभोवती फिरायला लागला. पहाडी दोन्ही हात वर करून लहान पोरासारखा उभा होता. शेवटचा वेढा खोचताना मुलगा म्हणाला, "सोमवारी तिकीट काढतो. पण बर्फ पडला की मेंढरं खाली कांगड्यात काकांकडं देऊन इकडं यायचं, सपाटीला त्यांचे गुडघे चालतात. थंडीचे महिने माझे. कबूल?"

"बघू," पहाडी म्हणाला. राहण्या-जाण्याच्या गोष्टीवर तीन आठवड्यांत तो "हो" सोडून पहिल्यांदाच दुसरं काही बोलला होता.

बाराच्या आत लायब्ररीत जाऊन त्या बाईला सांगायला हवं होतं, म्हणून मुलगा एकटाच गेला. तिनं विचारलं म्हणे, कागदाचं काय झालं. त्यानं खरं ते सांगितलं. ती म्हणाली, मेंढीला काही होणार नाही.

सप्टेंबर अर्धा झाला आणि तो निघाला. विमानतळावर आम्ही सगळे होतो. अंगात चोला, कमरेला डोरा, खांद्याला मुलानं घेतलेली निळी पिशवी, जिच्यात त्यानं काहीच ठेवलं नव्हतं. आत जायच्या दारापाशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दक्खनी, एक कबूल कर. कोकरू मिठानं लागलं."

"भुंकण्यानं. तुझ्या मिठानं त्याची हाडं मोडली असती."

"बरं. आणि कागद?"

मी खाली बघितलं. "मेंढीनं खाल्ला."

"तू सरकवलास. मी बघितलं."

म्हटलं, आता हा इतक्या लोकांत मला बोलणार. त्याचा निर्णय, त्याची मेंढरं, त्याचा पोरगा, मी कोण मधे बोटं घालणारा? आणि ज्या माणसाला मी थांब थांब म्हणत होतो त्यालाच मी माझ्या हातानं घालवला होता. मी म्हणालो, "दोन बोटंच सरकवला."

"दोन बोटंच लागत होती," तो म्हणाला. "बाकीचं मी केलं होतं. कागदाच्या कडेला मीठ कुणी चोळलं, तुला काय वाटलं, आपोआप लागलं?"

"तू? मुद्दाम?"

"दगडावर ठेवतानाच चोळलं."

"खोटं. मी सरकवला नसता तर तिची जीभ पोचलीच नसती."

"मीठ नसतं तर तिनं जीभच काढली नसती."

"पहाडी, कागद माझ्यामुळं गेला."

"दक्खनी, कागद माझा होता, गेलाही माझ्यामुळंच."

पाठीमागं रांग तुंबली होती. त्याचा मुलगा म्हणत होता, "बापू, चला, वेळ झाली," आणि माझा मुलगा म्हणत होता, "आबा, जाऊ द्या ना त्यांना." पण तो दारातून हलेना आणि मी त्याची बाही सोडेना, कारण आमचं अजून काहीच ठरलं नव्हतं.